चांगली पिशवी

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला सावाको वन्सं तोक्योहून आल्या. तसबिरीपुढे हात जोडून झाल्यावर त्यांनी कागदी पिशवीतून मिठाईचा खोका काढला, सुलटा फिरवून दोन्ही हातांनी किनुयोपुढे सरकवला आणि रिकामी पिशवी घडी घालून बसायच्या गादीशेजारी ठेवली. रीत कशी अगदी काटेकोर! सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा मात्र या बाईला इकडे त्सुरुओकाला माहेरी यायचा रस्ता सापडत नव्हता. किनुयोचं डोकं तिथेच तापलं.

चहा संपताच वन्संनी कपाटातून सासूबाईंचा निळा रेशमी किमोनो बाहेर काढला.

"आईची आठवण म्हणून नेते गं. तुला कुठे नेसायची सवय आहे!"

सासूबाईंनी हॉस्पिटलात किनुयोचा हात धरून हाच किमोनो तिला देऊ केला होता. तिचा नवरा योशिनोरी तेव्हा शेजारीच उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो रिकाम्या कपात काहीतरी शोधत बसला होता. जीभ काय गहाण टाकली होती मेल्याने?

"एखादी चांगली पिशवी दे ना," वन्सं म्हणाल्या. "माझी खोक्यापुरतीच आहे."

चांगली पिशवी! स्वयंपाकघरातला खण तसल्या पिशव्यांनी गच्च भरलेला होता. मोठमोठ्या दुकानांच्या पिशव्या सासूबाईंनी जन्मभर जपून ठेवल्या होत्या. त्यांचे खराब झालेले कपडे हॉस्पिटलातून धुवायला आणताना किनुयो त्याच वापरायची. निदान बसमध्ये म्हातारीची लाज राहायची. त्यातलीच एक आता या बाईला द्यायची? तिने खण धाडकन लावला आणि सिंकखालून नगरपालिकेची पिशवी ओढून काढली. आरपार दिसणारी, वर लाल ठसठशीत अक्षरांत 'जळणारा कचरा'.

"घ्या वन्सं. ऐसपैस मावेल."

"वेड लागलंय का तुला? हे घेऊन ट्रेनमध्ये बसू मी? लोक काय म्हणतील?"

"घरात दुसरी नाही."

"अगं, त्या खणात..." योशिनोरीला आत्ता कंठ फुटला.

"तुम्ही गप्प बसा! इतका वेळ बसलात ना, तसेच बसा!"

वन्सं लालबुंद झाल्या. किमोनो त्यांनी चटईवर आपटला.

"ठेव तुलाच! पुन्हा पाऊल ठेवणार नाही या घरात."

तरातरा दारापर्यंत गेल्या आणि तिथून परत फिरल्या. आईच्या तसबिरीला शेवटचा नमस्कार करायला आल्या असतील, असं किनुयोला क्षणभर वाटलं. वन्संनी तिकडे पाहिलंही नाही. गादीशेजारी राहिलेली आपली पिशवी उचलली आणि चालत्या झाल्या.