रागिणी बोलली नाही

"आता बोलंल बघा," सटवाजी म्हणाले. कान मोकळे राहावेत म्हणून त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

२००६ सालच्या उन्हाळ्यात औरंगाबादहून मुंबईला निघालेल्या विमानात आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. सटवाजी हिंगोलीकडच्या पुसेगावचे, मेंढरं राखणारे. त्यांची लेक रागिणी याच विमानात सहवैमानिक होती. हिंगोलीला शिकायला होती तेव्हा ती वाचनालयात यायची आणि मी तिला पुस्तकं काढून द्यायचो, एवढाच माझा संबंध. तरी तिनं वडिलांबरोबर मलाही तिकीट पाठवलं होतं.

निघताना रागिणीच्या आईनं, द्वारकाबाईंनी, नवऱ्याला एकच काम सांगितलं होतं. "पोरगी इमानात कशी बोलते ते ऐकून या. अन् मला तसंच बोलून दाखवा."

डोक्यावरच्या स्पीकरमध्ये खरखर झाली. सटवाजी ताठ बसले. पण आवाज पुरुषाचा होता, पाण्याखालून यावा तसा.

"ह्यो कोन?"

"मुख्य वैमानिक. परदेशी आहे."

"काय म्हनला?"

इंग्रजी मला वाचता येतं, ऐकून कळेल याची खात्री नसते. म्हणून मी पलीकडच्या टायवाल्या गृहस्थांना विचारलं.

"समझा तो मुझे भी नहीं," ते हसून म्हणाले. "लेकिन गोरा पायलट है, टेन्शन नहीं. वरना आजकल किसी को भी कॉकपिट में बिठा देते हैं."

बाजारात मेंढरं विकणाऱ्याला हिंदी कळते. सटवाजींनी पटक्याचं टोक तेवढं मुठीत आवळलं.

"उतरताना बोलंल," थोड्या वेळानं ते म्हणाले.

उतरतानाही तोच आवाज आला. विमान मात्र इतकं अलगद टेकलं की पोटातलं पाणी हललं नाही. सटवाजींनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला.

दाराशी गोरा कॅप्टन आणि रागिणी निरोप द्यायला उभे होते. रागिणी ठेंगणी, बापासारखीच उन्हात रापलेली, खांद्यांवर सोनेरी पट्टे. टायवाल्यांनी कॅप्टनचा हात दोन्ही हातांत घेतला. "वंडरफुल लँडिंग, कॅप्टन!"

कॅप्टननं नाही अशी मान हलवली आणि रागिणीकडे बोट दाखवलं. विमान तिनं उतरवलं होतं.

गृहस्थ खो-खो हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. मग काखेतली पाण्याची रिकामी बाटली काढून त्यांनी रागिणीच्या हातात दिली आणि जिना उतरून गेले. तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

सटवाजी लेकीपुढे थांबले.

"माय, तू काहून न्हाई बोललीस?" सटवाजींनी विचारलं.

"कंपनीची मनाई हाय, आबा. माझ्या गावाकडच्या बोलण्यानं लोकं घाबरतेत म्हणं."

"अन् ह्याचं कुनाला समजलं?"

"त्याचं न्हाई समजलं तरी चालतंय."

हे सगळं ती हसऱ्या चेहऱ्यानं सांगत होती. दारात हसऱ्या चेहऱ्यानंच उभं राहायचं असतं. "चला आबा, मागं लोकं खोळंबलेत."

सटवाजींनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि भराभर जिना उतरले. मी मागे धावलो. बसच्या दाराशी त्यांनी गृहस्थांना गाठलं.

"सायेब, बाटली राह्यली तुमची."

"अरे बाबा, फेक दो ना."

"तुमीच फेका. ती माझी लेक हाय. तिनंच उतरवलं तुमाला."

बाटली त्यांच्या हातात कोंबून सटवाजींनी वरून त्यांची बोटं मिटवली. माणसं बघत होती. गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं. तिथं कचऱ्याचा डबा नव्हता.

सटवाजी मागे वळले. विमानाच्या नाकाशी, काचेआड रागिणी आपल्या जागेवर परतली होती. तिला बाप दिसला. तिचे ओठ हलायला लागले, कितीतरी वेळ हलत राहिले. सटवाजींनी घाईनं पटका काढला, कानामागे हात धरला. शेजारून दुसरं विमान घरघरत चाललं होतं.

"चलो, चलो!" बसवाला ओरडला.

बस हलली.

"तुमाला आलं का ऐकू, सर?"

"नाही."

"मग द्वारकीला काय बोलून दाखवू?"

समोर टायवाले एका हातानं दांडी धरून उभे होते, दुसऱ्या हातात बाटली. सटवाजींनी पटका पुन्हा बांधला नव्हता.