चिंधूची नाडी

सौसरच्या चिंधू शिंप्याच्या छातीतली झडप नागपूरच्या दवाखान्यात बदलली. झडप बसली झकास, पण हृदयानंच हात टेकले. मग मांडीत जाडजूड नळ्या घालून त्याला मशीनवर ठेवला. रक्त बाहेर येतं, मशीनमध्ये फिरतं, परत आत जातं; हृदयाला आराम, म्हणे. पाच-सहा दिवसांत त्यानं ताकद धरली तर बरं. नाही धरली तर, असं म्हणून डॉक्टर चष्मा पुसत बसले.

बायको कलाबाई बाहेरच्या बाकावर बसून तेवढाच चष्मा आठवत होती.

तिसऱ्या दिवशी चिंधूचा चुलतभाऊ दादाराव आला. मोहगावात तीस वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस, त्याचा भरवसा फक्त स्वतःच्या बोटांवर. आत जायला पाच मिनिटं मिळाली. त्यानं चिंधूचं मनगट धरलं. नाडी नाही. दुसरं धरलं. तिथंही नाही. ते मशीन रक्त नळाच्या धारेसारखं एकसारखं वाहवतं, ठोका देतच नाही, हे नर्सनं सांगितलं असतं. पण नर्सला विचारणार तो कंपाउंडर कसला? मान खाली घालून तो कलाबाईसमोरून गेला अन् जिन्यातून सौसरला फोन लावला. चिंधू गेला, दवाखानेवाले लपवून राहिले.

तासाभरात चिंधूच्या दारात लाकडं पडली, रामाकोन्याचे सोयरे आले. पांढुर्ण्याच्या जावयानं, वीरेंद्रनं, श्रद्धांजलीचं फ्लेक्स छापून घेतलं, चिंधूचा गॉगलवाला फोटो टाकून. मग चिंधूची बहीण शकुबाई हिचा रडत फोन आला.

"वहिनी, किती वाजता आणून राहिले?"

"कोणाले?" कलाबाईनं विचारलं.

घोळ उघडा पडल्यावर सगळ्यांनी दादारावला मनसोक्त झापलं, अन् मग सगळे खूश झाले. मेल्याची खोटी खबर उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे सौसरात कोणाला शिकवावं लागत नाही. शिवाय आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं याचं नाव चिंधू ठेवलेलं, यमानं फडकं समजून पुढं जावं म्हणून. शकुबाईनं गावजेवणाएवढा शिरा केला. कलाबाईनंही मानलं. दादारावला तिनं स्वतः चहा आणून दिला.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मशीन हळू करून पाहिलं. हृदय हललं नाही. पुन्हा पाहिलं. तोवर किडन्या बसल्या, पाय काळे पडले.

"आई, आता फक्त मशीन चालू आहे," डॉक्टर कलाबाईला म्हणाले.

"अजून एक दिवस पाहा ना. त्याईचं आयुष्य वाढलं हाय."

डॉक्टरांनी दादारावकडे पाहिलं. दादारावनं फरशीकडे.

दुपारी चारला मशीन बंद झालं. कलाबाईची बोटं चिंधूच्या मनगटावर होती. आधीही तिथं काही लागत नव्हतं, आताही नाही. काय बदललं ते बोटांना कळलंच नाही.

बाहेर येऊन दादारावनं फोन लावला. "शकू, चिंधू गेला."

पलीकडून हसण्याचा लोट आला. "दादा, पुन्हा? आता तर माहा भाऊ शंभरी पार करते." मागं सोयरेही खदखदले.

दादारावनं फोन कलाबाईपुढं धरला. तिनं कानाला लावला. पलीकडे शकुबाई कोणाला तरी विचारत होती, घरात रवा उरला हाय का.