तळघरातला मीटर

तिने कोपऱ्यातल्या मीटरवरची धूळ पुसली आणि वडिलांना टॉर्च जरा खाली धरायला सांगितला. इमारतीतल्या सगळ्या घरांचे पाण्याचे मीटर तळघरात ओळीने बसवले होते. बाकीच्यांचे आकडे बिनतारी गच्चीवरच्या अँटेनापर्यंत पोहोचत होते. हा एकटा गप्प होता. शहरातले मीटर कुठल्या अँटेनाशी जोडायचे हे ठरवणं तिचं काम, आणि एवढ्या मोठ्या शहरात अडून बसला तो नेमका तिच्या वडिलांच्या घरचा मीटर.

"नवा आहे ना? मग बोलत का नाही?" वडिलांनी विचारलं.

"बोलतो की. भिंत जाड आहे, वर ऐकू येत नाही."

"मग आवाज वाढव त्याचा."

"बॅटरी दोन वर्षांत संपेल, बाबा. ती पंधरा वर्षं टिकायला हवी. म्हणून तर हा दिवसातून एकदा बोलतो आणि झोपतो."

"आणि मधेच तुला त्याला काही सांगायचं असलं तर?"

"सांगून उपयोग नाही. स्वतः बोलून झालं की दोन सेकंद कान उघडे ठेवतो. तेवढ्यात सांगायचं. नाहीतर उद्यापर्यंत थांबायचं."

वडील मीटरकडे बघत राहिले.

"शहाणा आहे," ते म्हणाले.

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. घरात आठवडाभर तीही वडिलांचे असे दोन सेकंद शोधण्यापलीकडे दुसरं काय करत होती? दादाचं नाव काढलं की वडील ताटावरून उठायचे, नाहीतर रेडिओ मोठा करायचे. आईच्या शेवटच्या दुखण्यात दादा वेळेवर पोहोचला नव्हता. पोहोचला तेव्हा वडील दारातच म्हणाले होते, "आता येऊ नकोस." त्याला चार वर्षं झाली. बाप तसा लेक, त्यानेही तो शब्द धरून ठेवला. काल मात्र तो शहरात उतरला होता, स्टेशनजवळच्या लॉजवर, आणि उद्या सकाळी परत जाणार होता. तिच्या खिशातला फोन पुन्हा थरथरला. दादाचाच निरोप, 'घरी येऊ का, विचारलंस का?' असंच असणार. तिला दोघांचाही राग येत होता आणि दोघांसाठीही जीव तुटत होता.

"मग आता काय करणार?" वडिलांनी विचारलं.

ती दचकली. मग मीटरकडे बोट करत म्हणाली, "ह्याचं? अजून एक छोटा अँटेना लावणार, जिन्याच्या पहिल्या वळणावर. ह्याचा आवाज वर जात नाही, तर आपणच खाली यायचं."

"म्हणजे ह्याचेच लाड."

"लाड कसले. घरचाच आहे ना?"

वडिलांनी तळघराला कुलूप लावलं. लिफ्ट परवापासून बंद होती, त्यामुळे दोघं जिन्याने निघाले. गुडघे कुरकुरत असले तरी वडील तिचा हात धरायला तयार नव्हते. पहिल्या वळणावर ते थांबले.

"इथे ओल आहे," ते म्हणाले.

मान हलवून ती पुढे चढली. मागे पावलं वाजेनात, म्हणून वळली. वडील कठडा धरून तिच्याकडेच बघत उभे होते.

"मी आत्ता बोललो ना काहीतरी? कान अजून उघडे आहेत," ते म्हणाले.

तिच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग आठवडाभर जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं विसरून ती घाईघाईने म्हणाली, "दादा आलाय. स्टेशनजवळ उतरलाय. उद्या सकाळी जाणार आहे."

वडिलांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मग ते पुन्हा चढू लागले. तिला ओलांडून दोन पायऱ्या वर गेल्यावर, मागे न बघताच म्हणाले,

"लिफ्ट बंद आहे म्हणावं त्याला. जड बॅग घेऊन येऊ नकोस."