पालथी काहील

मित्रांनो, आधी माझे कान पाहा. एक आहे, दुसरा तुटला आहे. काठाला बोटभर चीर गेली आहे आणि तीन पायांपैकी एक झिजून आखूड झाला आहे. अशी मी एक जुनी बिडाची काहील, कॅन्ससच्या माळावर, पिस्गा वस्तीच्या प्रार्थनाघरासमोर बसलेली असते. येणारेजाणारे म्हणतात, "हिच्यात फुलझाड छान दिसेल." लावोत बापडे. पण माझी एक विनंती आहे, आणि ती कळायची तर माझी हकिगत ऐकावी लागेल.

माझा जन्म केंटकीतल्या एका ओतशाळेत झाला. तंबाखूच्या एका मोठ्या मळ्याच्या मालकाने मला विकत घेतले. त्याने माणसेही विकत घेतली होती. त्यांतली एक डॉर्कस. तेव्हा ती कोवळी पोर होती आणि मला जाळ घालणे हे तिचे काम होते. माझ्यात कपडे उकळत, राख आणि चरबीचा साबण शिजे, मका रटरटे. हे झाले दिवसाचे काम. दुसरे काम मालकाला ठाऊक नव्हते.

मळ्यावरच्या माणसांनी जमून प्रार्थना करायची नाही, असा मालकाचा हुकूम होता. म्हणून रविवारी संध्याकाळी ती एका झोपडीत गुपचूप जमत, आणि डॉर्कस मला उंबऱ्याशी पालथी घाली. काठाखाली एक खडा ठेवून थोडी फट ठेवी. पालथी काहील आवाज गिळते, अशी त्यांची श्रद्धा होती. खरे सांगते, बीड आवाज गिळते की नाही, मला आजही माहीत नाही. पण माझ्या भरवशावर ती माणसे कुजबुजत का होईना, बोलत होती. दूर विकल्या गेलेल्या लेकरांची नावे घेत होती. ती सगळी नावे माझ्या पोटात आहेत.

पुढे गुलामी उठली. पण रात्री घोड्यांवरून येऊन काळ्यांच्या झोपड्या जाळणारे गोरे उठले नाहीत. त्यामुळे डॉर्कसची सवयही सुटली नाही. तिचा मुलगा अँडरसन आता हाताशी आला होता. दुसऱ्याच्या रानात राबून अर्धे पीक देऊन टाकण्याचा त्याला वीट आला होता. कॅन्ससमध्ये सरकारी जमीन मिळते, तिथे राहून ती कसली की आपली होते, असे त्याने ऐकले आणि एका वसंतात आम्ही निघालो. डॉर्कसला आता सगळे आजी म्हणत; नदीच्या बोटीवर तिने मला मांडीवर घेतले होते. शेजारी बसलेल्या ज्यूबल काकांना थट्टेला निमित्तच हवे होते.

"डॉर्कसताई, तुमचं तान्हं भारी गुटगुटीत आहे हो! पण रडत कसं नाही?"

"रडत नाही, गिळतं," आजी म्हणाली. "जास्त चुरूचुरू बोललास तर तुलाही गिळेल."

माळावर पोचलो तर झाड नाही, दगड नाही, नुसते गवत. गवताची मुळे इतकी दाट की कुदळ मारली की उलटी उडे. घर बांधायला लाकूड नव्हते, म्हणून माणसांनी उताराच्या पोटात घरे खोदली. वर दुरून आणलेले चार वासे, त्यावर गवताळ मातीचे थर. दुरून पाहिले तर जमिनीतून धुराडे तेवढे वर आलेले दिसे. रस्त्याने जाणारे गोरे शेतकरी हसून म्हणत, "हे लोक हिवाळ्याआधी पळतात की नाही बघ." आजीच्या कानावर ते आले. ती खोदतच राहिली. संध्याकाळी सुनेला एवढेच म्हणाली, "लुव्हीनिया, पळायचं ते आपलं पळून झालंय."

तो हिवाळा त्यांनी मक्यावर आणि सशांवर काढला. मार्चमध्ये ऊन पडले, तसे अँडरसन आणि ज्यूबल काका बैलगाडी घेऊन दूरच्या स्टेशनावर गेले. सगळ्या वस्तीच्या पेरणीचा गहू त्यांना आणायचा होता. तो आला नाही तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर जमीन हातची जाणार.

ते परत यायच्या दिवशी भर दुपारी वादळ उठले. बर्फ असा आडवा सुटला की पसरलेला हात दिसेना. वस्तीतल्या बायका, म्हातारे, पोरे आमच्या खोदघरात जमली आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. आजीने सवयीने मला दाराशी पालथी घातली. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. सगळी खालच्या आवाजात गुणगुणू लागली, जन्मभर गुणगुणत आली होती तशी.

एकाएकी छत कडाडले. माती खाली कोसळली आणि एक बूट, त्यामागून गुडघ्यापर्यंत पाय खाली आला. तो हवेत झाडत राहिला. पोरे किंचाळली.

"अगं, हा तर ज्यूबल काकांचा बूट!" लुव्हीनिया ओरडली.

त्यांना ओढून आत घेतले. भुवयांवर बर्फ, ओठ निळे, पण जीभ शाबूत. "आत माणसं आहात की उंदीर? तुमच्या डोक्यावरून चाललो मी, दोनदा चाललो! एक शब्द कानावर आला नाही!"

"अँडरसन कुठंय?" आजीने विचारले.

"गाडीपाशी. आम्ही घर शोधत गोल गोल फिरतोय. मी पुढं बघायला आलो नि चुकलो. जवळच आहे तो, ताई. पण कुठं, ते देव जाणे. गहू टाकून ये म्हटलं तर ऐकत नाही. बैलासारखा बैल नि तुमच्यासारखा मुलगा!"

आजीची नजर माझ्यावर गेली. मग ती वाकली आणि तिने मला उताणी केली.

बाहेर अर्धवट खणलेल्या विहिरीवर माती वर ओढायला तीन खांबांची तिवई उभी होती. बायका एकमेकींच्या कमरेला दोर बांधून तिथवर गेल्या. त्यांनी माझ्या एका कानात दोर ओवून मला टांगले. आजीने विहिरीची पहार उचलली, तेव्हा लुव्हीनियाने तिचा हात धरला.

"आई, थंडीत बीड तडकतं. ही फुटली तर मोठं भांडं नाही आपल्याकडं. साबण कशात करायचा? मका कशात शिजवायचा?"

"नवरा हवा की मका?"

लुव्हीनियाने हात सोडला. मग तिने पहारच आपल्या हातात घेतली. "सरका. तुमच्या हातात जोर नाही."

पहिला घाव बसला आणि मला माझा आवाज ऐकू आला. मित्रांनो, इतकी वर्षे मी गिळतच आले होते. माझ्या पोटातून काय निघाले म्हणून सांगू! आजी ओरडली, "गा गं बायांनो! मोठ्यानं गा! इथं भ्यायचं कुणाला?" पहिल्यांदा त्यांचे आवाज अडखळले. मोठ्याने गायचे कसे, हेच घशाला माहीत नव्हते. मग एकीचा सूर फुटला, दुसरीचा फुटला, आणि वाऱ्यापेक्षा त्या वरचढ झाल्या. कुठल्याशा घावाला माझ्या काठाला चीर गेली. मला ती कळली. मी मनाशी म्हटले, फुटले तर फुटले, गप्प बसणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. पांढऱ्यातून आधी बैलाची शिंगे दिसली. मग जू. मग जुवाला धरून चालणारा अँडरसन. गाडीत गव्हाची पोती होती. लुव्हीनियाने तरीही एक घाव घातलाच, आणि माझा कान तुटून मी बर्फात पडले.

"बास की गं आता," अँडरसन कुडकुडत म्हणाला. "बहिरा होईन!"

तो गहू उगवला. लुव्हीनियाने वर्षभर शेजारणीच्या भांड्यात कपडे उकळले आणि वर्षभर कुरकुरली, "नवरा आला, काहील गेली. सौदा तसा वाईट नाही." जाळावर चीर वाढेल म्हणून मला चुलीवर चढवता येईना, टांगताही येईना. आधी माझे कौतुक झाले, मग कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली, मग गवताने मला झाकले. आजी गेली. तिच्या पणतीने मला शोधून इथे आणून ठेवले.

ती गुणी आहे. मला तेल चोळते. परवा पाऊस येताना दिसला तेव्हा गंज चढू नये म्हणून तिने मला पालथी घातली. तिचे चुकले नाही, लोखंड असेच जपतात. पण बाळांनो, माझे एवढे ऐका. मला उताणी ठेवा. पाणी साचू द्या, गंज चढू द्या, हवे तर फुलझाड लावा. आजीने त्या दिवशी माझे तोंड आभाळाकडे केले आहे. ते पुन्हा मातीकडे करू नका.