निपचितबाईंचं वाक्य

मयताला शिंक आली.

साधीसुधी नव्हे, चांगली खणखणीत. दिवाणखान्याच्या मधोमध लाल रंगात पडलेली ती नवी मुलगी उठून बसली, "सॉरी" म्हणाली आणि पुन्हा शिंकली. प्रेताभोवती गंभीर चेहऱ्याने उभे असलेले इन्स्पेक्टरसाहेब वैतागून खुर्चीकडे गेले. साहेब मालिकेपुरतेच साहेब. पण इतकी वर्षं गुन्हेगार पकडून चहासुद्धा ते पुरावा असल्यासारखा हुंगून घेत.

कोपऱ्यात हवालदाराच्या गणवेशात उभ्या असलेल्या निपचितबाईंनी टोपी काढून हातात घेतली. त्या शिंकेचा अर्थ त्यांना बरोबर कळला.

निपचितबाई हे सेटवरचं नाव. गुन्ह्यांच्या या मालिकेत त्या सुरुवातीपासून मरत आल्या होत्या. कधी नवऱ्याच्या हातून, कधी दिराच्या, कधी काही कारण नसताना नुसत्याच नदीकाठी. त्यांच्यासारखं निपचित पडणं दुसऱ्या कुणाला जमत नसे; नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. मालिकेत पुरुषही मरत, नाही असं नाही. पण ते अंगभर कपड्यांत मरत आणि लगेच चादरीखाली जात. बाईला मरताना केस मोकळे सोडावे लागत, खांद्यावरून कापड घसरू द्यावं लागे, आणि मग कॅमेरा तिच्या पायांपासून निघून हवा खायला आल्यासारखा सावकाश चेहऱ्यापर्यंत येई. बायकांचं मरायचं वयही ठरलेलं. ते उलटलं की बाई प्रेताशेजारी बसून रडायच्या कामाला लागे. निपचितबाई अंगाने काटकुळ्या, म्हणून ओढूनताणून अजून मरणाऱ्यांत होत्या.

आज मात्र त्यांना चक्क वाक्य मिळालं होतं. प्रेताकडे पाहून म्हणायचं, "साहेब, ही आत्महत्या नाही."

वाक्याचं एवढं अप्रूप आईमुळे. काचबिंदूने तिची नजर गेली होती. मुलगी टीव्हीत आहे हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी आणि प्रत्येक भागाला टीव्हीसमोर कान टवकारून बसे. पण तिला दिसत नाही आणि प्रेत बोलत नाही. भाग संपला की विचारी, "येऊन गेलीस का गं?"

"मघाशीच, आई."

"अगं, मग सांगायचंस की!"

आज सकाळी निघताना बाईंनी सांगूनच टाकलं होतं, "आई, आज मी बोलणार आहे." आई म्हणाली होती, "मग आता बरी सापडशील!"

दिग्दर्शक जवळ आला. माणूस गोड होता. वाईट बातमी तो नेहमी हात जोडून सांगे.

"ताई, जरा झोपता का?"

"पण माझं वाक्य आहे हो आज."

"वाक्याचं काय घेऊन बसलात! साहेब म्हणतील ते."

"मला तर पहिल्यापासून खटकत होतं," खुर्चीतून साहेब म्हणाले. "हे हवालदारबाईनेच ओळखलं, तर मी काय मयताच्या आईला पाणी द्यायला आलोय? ते काम तिचं."

"गणवेश कुणालाही बसतो, ताई," दिग्दर्शकाने समजूत घातली. "मरणं सगळ्यांना जमत नाही. हा तुमचा मान आहे."

मान म्हटल्यावर माणसाची बोलतीच बंद होते. तरी बाईंनी शेवटचा धागा धरून पाहिला. "मग मरायच्या आधी निदान ओरडते तरी मी? जोरात ओरडेन."

आवाजवाल्याने हेडफोन सरकवून एक कान मोकळा केला. "किंकाळी आहे आपल्याकडे, ताई. पहिल्या भागापासूनची. सगळ्या बायकांना तीच लावतो."

"कुणाची आहे?"

"कोण जाणे. पण सुरेख आहे."

बाईंनी गणवेश उतरवून त्याची घडी घातली, केस सोडले आणि त्या लाल रंगात जाऊन पडल्या. रंग गार होता. वर साहेबांचा आवाज घुमला, "ही आत्महत्या नाही!" मग कॅमेरा पायांपासून निघाला. बाईंनी श्वास धरला. एका दमात काम झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांसाठी.

वाक्य गेल्याचं घरी आल्यावर आईला सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. रोज ठरवत होत्या. भाग लागायचा दिवस उजाडला तरी जीभ रेटली नाही. आईने तर केस नीट विंचरून घेतले होते, जणू कॅमेऱ्यापुढे तिलाच जायचं होतं.

पडद्यावर दार करकरलं. पावलं वाजली. आणि किंकाळी फुटली.

आईने बाईंचं मनगट घट्ट पकडलं. "हीच! हीच तू!"

"आई..."

"मला शिकवू नकोस. लहानपणी दारात बोट चेमटलं होतं तुझं, तेव्हा अगदी अश्शीच ओरडली होतीस. शेजारीपाजारी धावत आले होते. पोटच्या पोरीचा आवाज आई विसरते होय?" तिने डोळे पुसले. "काय छान ओरडलीस गं! काळजात चर्र झालं."

"हो. मीच ती," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात टीव्हीत साहेब गरजले, "ही आत्महत्या नाही!"

"बघ, कसं झटक्यात ओळखलं. हुशार माणूस हो," आई म्हणाली.

पडद्यावर कॅमेरा पायांपासून निघाला होता. खोलीत निळसर उजेड पसरला. बाईंनी सवयीने श्वास धरला. शेजारी काहीच हालचाल नाही असं वाटून आईने हात चाचपला.

"आहेस ना गं?"

"आहे."

"मग आवाज वाढव जरा. शेवटी ते सगळं पुन्हा दाखवतात, त्यात परत ओरडशील तू."

बाईंनी उठून आवाज वाढवला.