माळ वेलीला नव्हती

सापगावात तोंडाळ माणसं दोनच. एक मी, वाळू, आणि दुसरी माझ्या बांधाशेजारची गोजाबाई. २००३च्या पावसाळ्यात दोघांच्या मांडवावर काकडी होती आणि दोघांचा डोळा एकाच बक्षिसावर. कृषी सहायक मेघा मॅडमनी सांगितलं होतं, ज्याच्या वेलावर भुरी नसेल त्याला पाठीवरचा फवारणी पंप. गोजाबाई बादलीत केरसुणी बुडवून शिंपडायची. मी बारा वर्षं दुसऱ्यांचा पंप मागत आलो होतो, टोमण्यांसकट. मला तो हवाच होता.

भुरी म्हणजे पानावर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी. मी शहापूरहून औषधाची बाटली आणली आणि शहाण्यासारखी भर पावसात मारली. औषध ओहोळाला गेलं, भुरी जागेवर. पलीकडे गोजाबाई वाटलेला लसूण आणि निरगुडीचा काढा गाळून शिंपडत होती.

"काकडीला फोडणी देतेस काय गो?" मी आठवडाभर ओरडून घेतलं. मग तिची पानं हिरवीगार झाली आणि माझं तोंड मिटलं.

ती दुपारी जेवायला गेली की मी तिच्या काढ्याच्या मडक्यातून दोन तांबे उचलून माझ्या वेलावर शिंपडू लागलो. मी माळकरी, चातुर्मासात लसूण खात नाही. पण माळ माझ्या गळ्यात होती, वेलाच्या नाही!

तीन आठवड्यांत वेल स्वच्छ. मेघा मॅडम बघायला आल्या, मागून आमचं भजनी मंडळही आलं.

"काय मारलंत?"

"शहापूरचं औषध! कालच शेवटचा हात दिला."

मॅडमनी तोडलेली काकडी खाली ठेवली. "मग ही पंधरा दिवस खायची नाही. जी खाता येत नाही तिला बक्षीस कसं देऊ?"

पंप हातचा जाताना दिसला. "कोन बोलतो खाता येत नाय?" मी काकडी उचलून कचकन चावा घेतला.

"अहो, थुंका!" मॅडम किंचाळल्या.

बांधावर बसलेली गोजाबाई हसत होती. "खाऊ द्या, मॅडम. माजाच लसून हाय त्यावर. तीन हप्ते मी दोन तांबे जास्तीच करते ह्याच्यासाठी."

सगळं मंडळ माझ्या तोंडाकडे बघू लागलं. थुंकावं तर पंप जातो, गिळावं तर नेम मोडतो. मी गिळलं. मंडळाचे म्होरके धाकलूबुवा, त्यांनी चातुर्मासभर माझे टाळ काढून घेतले, आणि पंप गोजाबाईला मिळाला. लाजेने मी दोन दिवस शेतावर फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी तीच टोपलीभर लसूण घेऊन दारात.

"तुला खायाची बंदी हाय, सोलायची नाय. बस. आन पंप माज्या पडवीत असतो. इचारायचा नाय, सरळ न्यायचा."

मी खाली मान घालून सोलायला बसलो. बारा वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी न मागता पंप दिला होता.