तांबडीला फिरवलं ती सकाळ

"मामा, थांबा. आता एक पाऊलही चालवू नका तिला," डॉक्टरीणबाई फाटकातूनच म्हणाल्या. तांबडीचा दोर हातात धरून मोतद्दार जागच्या जागी उभा राहिला.

सकाळपासून तो घोडीला फिरवत होता. अंग घामाने डबडबलेलं, पाय अडखळणारे, म्हणजे पोटदुखी. आणि पोटदुखीत घोड्याला बसू द्यायचं नाही, फिरवत राहायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. माझं डोकं दुखलं तरी हे मला फिरवून आणतील, असं बायको चारचौघांत सांगायची. तांबडी बसायला लागली की तो तिला चुचकारून, प्रसंगी दामटून पुढे नेत होता.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, मग तबेल्यातली तिची काळपट लघवी पाहिली. दुखणं पोटाचं नाही, स्नायूंचं आहे, असं त्या म्हणाल्या. कुरणाच्या कडेच्या मोठ्या झाडाच्या पंखवाल्या बिया परवाच्या वादळात खाली पडल्या होत्या. त्या विषारी. कुरणातलं गवत खुरटलेलं, म्हणून चाऱ्याबरोबर त्याही घोडीच्या पोटात गेल्या. त्या विषाने दुखावलेले स्नायू चालवल्याने आणखी खराब होतात.

मोतद्दाराचं डोकं चालेना. सावली बरी म्हणून त्या झाडाखाली वाळला चारा त्यानेच पसरला होता. सावली चांगली, चारा चांगला, फिरवणं चांगलं. मग वाईट झालं कुठे? राग तर आला होता, पण काढायचा कोणावर तेही उमजत नव्हतं.

"मग मी सकाळपासून केलं काय तिचं?"

डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही पोटदुखीचं केलंत, मामा. वरून दोन्ही सारखंच दिसतं."

तांबडी दुपारी बसली ती उठली नाही. त्याला फार वाईट वाटलं, आणि तरीही आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला कोणाला सांगता आलं नसतं.

त्याच कुरणातल्या दुसऱ्या घोड्याला, ढवळ्याला, काही झालेलं नाही, पण त्याला आजच तिथून हलवा, असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या. मोतद्दार कुरणात गेला. ढवळ्याने नेहमीसारखी मान पुढे करून दोर घालून घेतला. तबेला समोरच होता, पण मोतद्दाराचा पाय उचलेना.

"याला नेऊ ना गं?" त्याने कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायकोला विचारलं.

"अहो, धडधाकट आहे तो. आणा."

तरी तो उभाच. शेवटी ढवळाच निघाला. दोर सैल सोडून मोतद्दार त्याच्या मागून हळूहळू चालू लागला.